सुवर्णवजने, पारंपरिक

सुवर्णवजने, पारंपरिक : सोने, चांदी, रत्ने आणि मौल्यवान औषधिद्रव्ये जोखण्यासाठी दशमान पद्धती रूढ होण्यापूर्वी वापरात असलेली सूक्ष्म वजने. महाराष्ट्रात गुंज, वाल, मासा व तोळा ही यांतील प्रमुख वजने होत. कायद्याने आता त्यांची जागा ग्रॅम व मिलिग्रॅम यांनी घेतली आहे. तथापि दागिन्यांच्या जुन्या याद्या, गहाणखते, वाटणीपत्रे व सराफी वह्या याच वजनांत लिहिलेल्या असल्याने त्यांचा अर्थ नीट लावणे आजही आवश्यक ठरते. तोळा हा शब्द बोलण्यात टिकून राहिला, परंतु त्याचे मान बदलले. शब्द तोच आणि वजन निराळे, अशी स्थिती निर्माण झाल्यामुळे व्यवहारात घोटाळे संभवतात.

कोष्टक : महाराष्ट्रात सामान्यतः मानले जाणारे कोष्टक पुढीलप्रमाणे आहे. त्यातील ग्रॅममधील किंमती १८० ग्रेनच्या प्रमाण तोळ्यावरून काढल्या आहेत.

१ गुंज = ०.१२१५ ग्रॅ.
३ गुंजा = १ वाल = ०.३६४५ ग्रॅ.
८ गुंजा = १ मासा = ०.९७२ ग्रॅ.
३ मासे = पाव तोळा = २.९१६ ग्रॅ.
६ मासे = अर्धा तोळा = ५.८३२ ग्रॅ.
१२ मासे = ९६ गुंजा = ३२ वाल = १ तोळा = ११.६६४ ग्रॅ.

गुंजेच्या खाली तांदूळ हे मान होते. ८ तांदूळ म्हणजे १ गुंज असे धरीत. यावरून मासा हा ग्रॅमहून किंचित कमी आणि गुंज ही ग्रॅमच्या आठव्या हिश्शाच्या आसपास, हे ध्यानात ठेवल्यास अंदाज करणे सोपे जाते. अचूक रूपांतरासाठी तोळे व मासे यांच्या प्रथम गुंजा कराव्यात आणि त्यांस ०.१२१५ ने गुणावे. उदा., ७ मासे ५ गुंजा म्हणजे ६१ गुंजा, म्हणजेच सु. ७.४१ ग्रॅ.

बीजरूप वजने : या वजनांची नावे धान्ये व बिया यांवरून आलेली आहेत. गुंज ही एका वेलीची बी होय. या वेलीचे शास्त्रीय नाव ॲब्रस प्रिकॅटोरियस असून ती शिंबावंत कुलातील आहे. कोकणात कुंपणांवर व झुडपांवर ती सर्वत्र चढलेली दिसते. शेंग तडकली की आतील तांबड्या, एका टोकाशी काळा ठिपका असलेल्या चकचकीत बिया उघड्या पडतात. तांबड्या रंगावरून तिला संस्कृतात रक्तिका म्हणतात व त्यावरून रती हा शब्द आला. काळ्या ठिपक्यावरून आलेले कृष्णला हे नावही प्राचीन ग्रंथांत आढळते. बी अत्यंत विषारी असते. मात्र तिचे कवच कठीण असल्याने ती सहजी ओलावा घेत नाही, किडत नाही व वाळल्यावर तिच्या वजनात फारसा फरक पडत नाही. आकारही बराचसा सारखा असतो. वजन म्हणून तिची निवड होण्याचे कारण हेच होय.

तरीही सर्व बिया काटेकोरपणे सारख्या नसतात. वेल, जमीन व शेंगेतील स्थान यांनुसार त्यांत फरक पडतो. एका बीवर विसंबल्यास चूक मोठी होऊ शकते. अनेक बिया एकत्र जोखल्यास काही जड व काही हलक्या निघून सरासरी पुष्कळ स्थिर राहते. म्हणून मोठे वजन धातूचे करून त्याच्या विभागणीने गुंज ठरविणे अधिक विश्वसनीय ठरते. सोनार माशाच्या धातूच्या वजनाशी बरोबर आठ भरतील अशा गुंजा निवडून ठेवी. अशा निवडलेल्या गुंजेचे मूल्य माशाच्या वजनावरून ठरत असे, बीच्या स्वतःच्या वजनावरून नव्हे. नाव बीचे, प्रमाण धातूचे, अशी ही व्यवस्था होती.

मासा हे नाव माष म्हणजे उडीद यावरून आले. परंतु एक मासा हा एका उडदाएवढा कधीच नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्रात १० धान्यमाष किंवा ५ गुंजा म्हणजे एक सुवर्णमाषक असे सांगितले आहे. वाल हा वल्ल या संस्कृत शब्दावरून आला असून वल्ल हे एका कडधान्याचेही नाव आहे. भाताच्या कापणीनंतर खाचरांतील ओलीवर वालाचे पीक घेण्याची रीत रायगड जिल्ह्यात जुनी असल्याने त्या भागातील वाचकास वजनाचे हे नाव परके वाटू नये. तोळा हा तोलणे या अर्थाच्या तुल् या धातूशी संबद्ध आहे.

प्राचीन मानपद्धती : मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात उन्हाच्या कवडशातील रजःकणापासून म्हणजे त्रसरेणूपासून आरंभ करून लिक्षा, राजसर्षप, गौरसर्षप व यव या क्रमाने कृष्णलेपर्यंतचे कोष्टक दिले आहे. ३ यव म्हणजे १ कृष्णल, ५ कृष्णल म्हणजे १ माष, १६ माष म्हणजे १ सुवर्ण आणि ४ सुवर्ण म्हणजे १ पल. चांदीसाठी मात्र निराळे मान सांगितले असून त्यात २ कृष्णलांचा एक रौप्यमाषक होतो. म्हणजे धातू बदलला की माषाचे वजनही बदलत असे. सुवर्ण हे ८० गुंजांचे वजन होते. आजच्या हिशेबाने ते पावणेदहा ग्रॅमच्या आसपास येते.

कौटिलीय अर्थशास्त्रात वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल प्रदेशांतील दगडाची करावीत, अथवा पाण्याने वा उष्णतेने ज्यांत वाढ-घट होत नाही अशा द्रव्याची करावीत, असा दंडक आहे. सोनारकामातील चोरीचे पाच प्रकारही तेथे नमूद आहेत. त्यांतील पहिला तुलाविषम म्हणजे सदोष तराजू होय. वजनाची समस्या ही केवळ गणिताची नसून राज्यकारभाराची आहे, हे त्या काळीच ओळखले गेले होते.

महाराष्ट्रातील प्राचीन पुराव्यांत नासिकच्या लेण्यांतील उषवदाताचा शिलालेख महत्त्वाचा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई असलेल्या उषवदाताने दिलेल्या ७०,००० कार्षापणांचे मूल्य त्यात २,००० सुवर्ण असे दिले असून ३५ कार्षापणांस एक सुवर्ण हा दरही स्पष्ट केला आहे. वजनाचे नाव, नाण्याचे नाव व मूल्याचे नाव ही एकमेकांत कशी मिसळत, याचा हा उत्तम नमुना होय.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) दोन स्वतंत्र कोष्टके आढळतात. पहिल्यात २ यवांची गुंज, ३ गुंजांचा वल्ल, ८ वल्लांचे धरण व २ धरणांचा गद्याणक असे मान आहे. दुसऱ्यात ५ गुंजांचा माष व १६ माषांचा कर्ष ही जुनी परंपरा दिली आहे. मनुस्मृतीत ३ यवांचा कृष्णल व लीलावतीत २ यवांची गुंज, हा भेदही लक्षणीय आहे. मराठीतील तीन गुंजांच्या वालाचे मूळ या वल्लात दिसते. ५ गुंजांच्या माषाऐवजी ८ गुंजांचा मासा पुढे रूढ झाला. आईन-इ-अकबरीत ८ सुर्ख म्हणजे रतींचा मासा व १२ माशांचा तोळा हे कोष्टक मिळते आणि तेच पुढे देशभर स्थिरावले.

स्थलभेद : कोष्टक एक असले तरी प्रत्यक्ष वजन प्रदेशाप्रदेशांत भिन्न असे. मुंबईच्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तोळ्याचे ४० वाल मानण्याची रीत नोंदलेली असून तोळा १७९ ग्रेनचा धरीत. गुजरातच्या पद्धतीत १६ वालांचा गदियाणा व २ गदियाण्यांचा तोळा, म्हणजे तोळ्याचे ३२ वाल होत. यामुळे 'दहा वाल सोने' एवढ्याच नोंदीवरून वजन निश्चित होत नाही. ३२ वालांच्या हिशेबाने ते ३.६४५ ग्रॅ. भरते, तर ४० वालांच्या हिशेबाने जेमतेम २.९ ग्रॅ. म्हणजे एकाच नोंदीच्या दोन वाचनांत पाऊण ग्रॅमचे अंतर पडते.

मोठ्या वजनांत ही तफावत अधिकच ठळक होते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांचे रायगडावरील सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते असे म्हटले आहे. पुढील काळातील मुंबईचा मण २८ पौंडांचा म्हणजे १२.७ किग्रॅ.चा होता; तो धरल्यास हे सोने सु. ४०६ किग्रॅ. होते. ८० तोळ्यांच्या ४० शेरांचा, म्हणजे ३७.३२ किग्रॅ.चा ब्रिटिश हिंदुस्थानातील मण धरल्यास तोच आकडा सु. १,१९४ किग्रॅ.वर जातो. दोन्ही मण बखरीनंतरच्या काळातील आहेत. मण कोणता, हे ठरविल्यावाचून अशा विधानांचे ग्रॅमांत रूपांतर करणे धोक्याचे असते.

पाली व परिसर : रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील सुधागड तालुक्याचे पाली हे मुख्य ठिकाण असून अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे स्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. सरसगडाच्या पायथ्याशी व अंबा नदीच्या खोऱ्यात वसलेला हा भाग १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत भोर संस्थानच्या पंतसचिवांच्या अंमलाखाली होता. त्याच नदीच्या काठी खाली असलेले नागोठणे बंदर ब्रिटिश कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. घाटमाथ्यावरील भोर व पुणे आणि समुद्रमार्गाने जोडलेली मुंबई या दोन बाजूंच्या मधोमध हे गाव पडते. अशा सीमावर्ती ठिकाणच्या जुन्या कागदपत्रांत वजन कोणत्या बाजूच्या रिवाजाने लिहिले आहे, हे प्रथम पाहावे लागते. नोंदीत वाल असल्यास ही खबरदारी विशेष आवश्यक असते. तोळा-मासा-गुंज असल्यास अडचण पुष्कळ कमी होते.

कोकणातील घरात मापनाच्या निरनिराळ्या पद्धती एकाच वेळी नांदत. भात व तांदूळ पायली-शेराच्या आकारमापाने मोजीत, कापड हाताने किंवा वाराने मोजीत आणि सोने मात्र काट्यावर जोखीत. भाताच्या मापात मूठभर अधिक-उणे झाले तरी चालून जाई. सोन्यात गुंजेचा फरकही चालत नसे. शेतकरी, कोळी व आगरी कुटुंबांत सोने ही स्त्रीच्या अंगावरची व अडीअडचणीची ठेव असे. गुरुपुष्यामृत योगावर गुंजभर सोने घेण्याचा प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे. वर्षानुवर्षे साठविलेल्या अशा गुंजांतून मंगळसूत्राची वाटी किंवा माळेचा मणी घडे. थोडी मिळकत असलेल्या कुटुंबास सोने घेता यावे असे सर्वांत लहान मान गुंजेने पुरविले, ही तिची सामाजिक उपयुक्तता होय.

प्रमाणीकरण व रुपया : ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ च्या विनियमाने १८० ट्रॉय ग्रेनचा तोळा हे वजनाचे एकक ठरविले आणि १८३५ च्या नाणेविषयक अधिनियमाने रुपयाचेही वजन तेवढेच राखले. त्यामुळे एक रुपया म्हणजे एक तोळा हे समीकरण सर्वतोमुखी झाले. त्यापूर्वी मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी इ. अनेक रुपये चालत व ते वजनाने आणि कसाने सारखे नसत. नव्या व्यवस्थेत प्रत्येकाच्या घरी जणू सरकारी वजनांचा संच आला : रुपया एक तोळ्याचा, अधेली अर्ध्या तोळ्याची, पावली तीन माशांची आणि चांदीची चवली दीड माशाची. 'रुपयाभार' हा शब्दप्रयोग यातूनच रूढ झाला. मात्र वापराने झिजलेले नाणे हलके होते. झिजल्या रुपयाने जोखून सोने विकत घेतल्यास ग्राहकाच्या पदरी कमी सोने पडे आणि तशाच रुपयाने जोखून मोडीस घातल्यास तोळ्यांची संख्या वाढून फायदा होई. म्हणून पेढीवर नाण्यांऐवजी पितळी वजने वापरणे इष्ट मानीत.

हिशेबाची सोय : दशमान नसूनही ही पद्धती दीर्घकाळ टिकली, याचे एक कारण नाण्यांच्या विभागणीशी असलेला तिचा मेळ होय. रुपयाचे १६ आणे व आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणून तोळ्याचा भाव जितके रुपये, त्याच्या दुप्पट पै हा एका गुंजेचा भाव; आणि ३२ वालांच्या हिशेबाने तितकेच अर्धे आणे हा एका वालाचा भाव. समजा, तोळ्यास २४ रुपये भाव आहे व दागिना ५ मासे ३ गुंजांचा आहे. गुंजेस ४८ पै म्हणजे ४ आणे पडतात. दागिन्याच्या गुंजा ४३. म्हणून किंमत १७२ आणे, म्हणजे १० रुपये १२ आणे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेल्या माणसास असे हिशेब तोंडी करता येत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि हा मेळ तुटला. वजनेही दशमान करणे त्यामुळे अधिकच सयुक्तिक ठरले.

काटा व जोखण्याची रीत : सराफी काटा हा समभुज तराजू असतो. बारीक दांडी, मध्यावर टोकदार काटा व रेशमी दोऱ्यांनी टांगलेली दोन लहान पारडी, असे त्याचे स्वरूप असून तो लाकडी पेटीत ठेवीत. रिकामी पारडी समतोल नसल्यास हलक्या बाजूस जो लहानसा भार लावतात त्यास पासंग म्हणतात. पासंगाने पारड्यांचे वजन सारखे करता येते. परंतु दांडीच्या दोन भुजा असमान असतील तर तो दोष पासंगाने जात नाही. भुजा असमान असलेला काटा रिकामा असताना बरोबर दिसतो आणि माल चढताच चुकतो. याची परीक्षा सोपी आहे. दागिना एकदा डाव्या व एकदा उजव्या पारड्यात घालून जोखावा. दोन्ही वेळा वजन सारखे आले तर काटा निर्दोष. निराळे आले तर खरे वजन त्या दोहोंच्या मध्ये असते. उदा., एका बाजूने ८० गुंजा व दुसऱ्या बाजूने ८४ गुंजा भरल्यास खरे वजन सु. ८२ गुंजा, म्हणजे १० मासे २ गुंजा समजावे.

वजन व कस : दागिन्याचे मूल्य वजन व कस या दोहोंवर अवलंबून असते. कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून ती ज्ञात कसाच्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहणे, ही जुनी परीक्षा होय. अतिशुद्ध सोन्यास बावनकशी म्हणत. शुद्धता आण्यांतही सांगत आणि 'सोळा आणे सोने' म्हणजे पूर्ण शुद्ध असा अर्थ घेत. इंग्रजी अंमलात कॅरट पद्धती आली; तीत शुद्ध सोने २४ कॅरटचे मानतात. निरनिराळ्या कसांचे सोने एकत्र आटविल्यास येणारा कस लीलावतीतील सुवर्णगणितात दिलेल्या रीतीने काढता येतो : प्रत्येकाचे वजन व कस यांचा गुणाकार करून त्यांच्या बेरजेस एकूण वजनाने भागावे. २४ कॅरटचे ८ मासे व १८ कॅरटचे ४ मासे एकत्र केल्यास २२ कॅरटचे एक तोळा सोने तयार होते.

काट्यावर दिसणारे वजन सर्वस्वी सोन्याचेच असते असे नाही. बोरमाळेसारख्या अलंकारातील पोकळ मण्यांत लाख भरतात. नथीत मोती व खडे असतात. जोडकामात डाक लागतो आणि त्याचा कस मूळ सोन्याहून कमी असतो. म्हणून एकूण वजन व निव्वळ सोन्याचे वजन यांत भेद करावा लागतो. मोडीच्या वेळी सराफ जी घट धरतो तिचे कारण अंशतः यात असते. घडणावळ ही मजुरी असल्याने ती परत मिळत नाही. पाटल्या, बांगड्या व अंगठ्या यांसारखे नित्य वापरातील दागिने झिजतात, त्यामुळेही जुन्या यादीतील व आजच्या वजनात अंतर पडू शकते.

दशमान पद्धती व आजची स्थिती : १९५६ च्या वजने व मापे प्रमाण अधिनियमान्वये १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. त्यानंतर १९७६ चा अधिनियम झाला व त्याची जागा १ एप्रिल २०११ पासून अमलात आलेल्या वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ ने घेतली. त्यानुसार प्रमाण एककांखेरीज अन्य एककांत भाव सांगणे वा देयक करणे यास मनाई असून व्यापारी काट्यांची ठरावीक मुदतीने पडताळणी व मुद्रांकन करून घ्यावे लागते. सोन्याचा भाव १० ग्रॅमला सांगतात. यामुळे बाजारात 'तोळा' म्हणजे १० ग्रॅम असा नवा अर्थ रूढ झाला आहे. आयुर्वेदीय औषधांच्या मानकांत रती १२५ मिग्रॅ., मासा १ ग्रॅ. व तोळा १२ ग्रॅ. अशी सोयीची रूपांतरे स्वीकारली आहेत. अशा रीतीने ११.६६४, १० व १२ ग्रॅम असे तीन तोळे आज एकाच नावाने वावरतात. नेपाळ व पाकिस्तानात जुना तोळा अद्याप चालतो. बंगालमध्ये त्यास भरी म्हणतात. आंतरराष्ट्रीय बाजारातील १० तोळ्यांची सोन्याची चीप ११६.६४ ग्रॅमची, म्हणजे बरोबर पावणेचार ट्रॉय औंसांची असते.

शुद्धतेच्या बाबतीतही कायद्याने बदल घडविले. जानेवारी १९६३ च्या सुवर्णनियंत्रण आदेशाने १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली होती. हे बंधन १९६६ मध्ये उठले. सुवर्ण (नियंत्रण) अधिनियम, १९६८ हा १९९० मध्ये रद्द झाला. त्यामुळे १९६३ ते १९६६ या काळातील दागिना कमी कसाचा निघाल्यास ती लबाडीच असेल असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने २००० मध्ये सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना सुरू केली. १६ जून २०२१ पासून प्रथम २५६ जिल्ह्यांत ती अनिवार्य झाली. १ एप्रिल २०२३ पासून अनिवार्य हॉलमार्किंगखाली येणाऱ्या दागिन्यांवर ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता व सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असणे आवश्यक केले आहे. ९१६ हा अंक २२ कॅरट, ७५० हा १८ कॅरट व ५८५ हा १४ कॅरट दर्शवितो. हॉलमार्क हा शुद्धतेची ग्वाही देतो. वजन काट्यावरच पाहावे लागते व ते देयकात ग्रॅमांत लिहून घ्यावे लागते.

भाषेतील अवशेष : व्यवहारातून गेलेली ही वजने मराठी भाषेत मात्र रुजलेली आहेत. अत्यल्प या अर्थी गुंजभर व रतीभर हे शब्द येतात. क्षणात बरी, क्षणात बिघडणारी नाजूक प्रकृती 'तोळामासा' असते. क्षुल्लक गोष्ट 'पासंगालाही पुरत नाही', माणूस 'कसाला लागतो' व खरेपणा 'सोळा आणे' असतो.

जुन्या नोंदींचे वाचन : जुन्या याद्यांत अपूर्णांक उभ्या दंडांनी दाखवीत; एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा व तीन म्हणजे पाऊण. 'पाटल्या २॥। तोळे' याचा अर्थ पावणेतीन तोळे, म्हणजे ३२.०८ ग्रॅ. होय. नकलेत दंड गळाले तर पाऊण तोळा, म्हणजे पावणेनऊ ग्रॅम सोने कागदावरूनच नाहीसे होते. त्याहून अधिक आढळणारी चूक तोळ्याच्या अर्थाची आहे. १९५८ पूर्वीच्या यादीतील ५ तोळ्यांचा दागिना ५८.३२ ग्रॅमचा असतो. आजच्या बोलीप्रमाणे त्यास ५० ग्रॅम समजल्यास ८.३२ ग्रॅम, म्हणजे एकूण सोन्याचा जवळजवळ सातवा हिस्सा, हिशेबातून सुटतो. स्त्रीधनाची मागणी, भावंडांतील वाटणी किंवा तारण सोडविणे अशा प्रसंगी हा हिस्सा कोणाच्या तरी वाट्यातून वजा होत असतो. म्हणून नोंद वाचताना तिचा काळ, वजनाची पद्धती, लाख व खडे यांचा समावेश आणि सोन्याचा कस या चार गोष्टी निश्चित कराव्यात, सर्व वजनांच्या गुंजा करून त्यांचे ग्रॅममध्ये रूपांतर करावे आणि मगच प्रत्यक्ष दागिना मुद्रांकित काट्यावर जोखून पाहावा.